वहीतला चोर

मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर एखादी वही उघडी पडलेली असावी आणि पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘चोर : पहिल्या वीस लेव्हल’ असे लिहिलेले दिसावे, तर आईबापांचे काय होईल? आमचे तेच झाले. खाली रकाने आखलेले होते. ‘रात्री जाणे’, ‘पायात हलके बूट’, ‘कुलूप – खर्च करायचा नाही’, ‘खिसे – आधी झोपलेल्यांचे’. शेवटची ओळ वाचून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मुलगा अठरा वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. संगत बदलली की काय, पैशांची काही अडचण झाली की काय, असे नाही नाही ते विचार मनात येऊन गेले.

मगरिबनंतर तो घरी आला तेव्हा वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने आधी वहीकडे पाहिले, मग आमच्या चेहऱ्यांकडे, आणि हसू आवरत म्हणाला, “अम्मी, हा गेममधला चोर आहे. बिल्ड आखतोय.”

बिल्ड म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या शेजारी बसलो आणि पुढचे काही दिवस बसतच राहिलो. मुलांचे आजोबा, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, तेही खुर्ची ओढून आले. धाकटी बारा वर्षांची. तिला हा खेळ पाहायला परवानगी नाही, पण वहीतली चर्चा ऐकायला तिला कोण अडवणार? या बैठकांत आम्हाला जे कळले आणि घरात जे बोलणे झाले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

खेळ कोणता?

खेळाचे नाव ‘स्कायरिम’. अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजने तो 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आणला. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतला हा पाचवा खेळ. पहिला 1994 साली आला होता. उत्तरेकडचा एक बर्फाळ काल्पनिक देश, त्याचे नऊ प्रांत, शहरे, गुहा, जुनी थडगी आणि आकाशात ड्रॅगन. खेळणारा या देशात एक माणूस बनून फिरतो. तो योद्धा होईल, जादूगार होईल की चोर, हे खेळ ठरवत नाही, खेळणारा ठरवतो. म्हणून याला रोल प्लेइंग गेम म्हणतात.

चोराची भूमिका या प्रकारच्या खेळांत फार जुनी आहे. टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला. त्यात सुरुवातीला चोर नव्हता. 1975 च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने तो आणला. कॉम्प्युटरवर 1998 साली ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ नावाचा खेळ आला. त्यात फरशीवरून चाललात तर पावले वाजतात, गालिच्यावरून चाललात तर वाजत नाहीत, आणि अंधार हेच लपण्याचे ठिकाण. तलवार कमी आणि कान-डोळे जास्त, अशी ही परंपरा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘स्कायरिम’वर अमेरिकेत 17 वर्षांवरील मुलांसाठी असा शिक्का आहे. त्यात रक्त आहे, मारामारी आहे, दारूचे गुत्ते आहेत. मुलगा अठराचा नसता तर आम्ही तो लावूच दिला नसता. ज्या घरात आठवी-नववीची मुले हा खेळ मागतात, तिथे आईबापांनी आधी हा शिक्का पाहावा.

आराखडा कसा बनतो?

आम्हाला वाटले होते, गेम म्हणजे बटणे दाबत सुटणे. वहीत मात्र हिशेब होता, आणि तो घरखर्चाच्या हिशेबापेक्षा फार वेगळा नव्हता.

खेळात एकूण अठरा कौशल्ये आहेत. सहा योद्ध्याची, सहा जादूगाराची, सहा चोराची. चोराच्या वाट्याला लपून चालणे, कुलूप उघडणे, खिसा कापणे, हलके चिलखत वापरणे, औषधे आणि विषे बनवणे आणि बोलणे-सौदा करणे ही सहा येतात. कौशल्य वापराल तसे वाढते. बसल्या बसल्या वाढत नाही. कौशल्ये वाढली की माणसाची लेव्हल वाढते. दर लेव्हलला दोनच गोष्टी मिळतात. तब्येत, जादूची शक्ती किंवा दम यांपैकी एकात दहा गुण आणि एक पर्क. पर्क म्हणजे कौशल्याच्या झाडावरची एक गाठ सोडवण्याचा हक्क. अशा गाठी अडीचशेच्या आसपास आहेत आणि हातात पडतो एका वेळी एक. त्यामुळे काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे, याचाच विचार जास्त करावा लागतो.

मुलाने आखलेला चोर असा होता.

जमात खाजीट. ही मांजरासारखी माणसे. बहुतेक इतर जमातींचे लपण्याचे कौशल्य 15 वर सुरू होते, खाजीटचे 25 वर. शिवाय त्यांना काही वेळ अंधारात दिसते.

सुरुवातीच्या वाटेवर तीन उभे दगड लागतात, योद्ध्याचा, जादूगाराचा आणि चोराचा. चोराच्या दगडाला हात लावला की चोराची सहा कौशल्ये 20 टक्के वेगाने वाढतात. एका वेळी एकाच दगडाचा लाभ घेता येतो.

लपण्याच्या झाडावरचा पहिला पर्क घेतला की तुम्ही 20 टक्के कमी दिसता. पाचही पायऱ्या घेतल्या तर हा आकडा 40 वर जातो. मुलाने दोनच पायऱ्या घेतल्या होत्या. त्याचे म्हणणे, पहिल्या पायरीला 20 टक्के मिळतात, पुढच्या प्रत्येकीला पाचच. तेवढ्यासाठी पर्क घालवायचा नाही. कौशल्य 30 वर गेले की चिलखताचा आवाज निम्मा करणारा पर्क मिळतो. 40 वर गेले की लपून मारलेल्या बाणाचा घाव दुपटीऐवजी तिप्पट होतो. 50 वर गेले की लपून केलेला खंजिराचा वार पंधरापट बसतो. त्याआधीचे पर्क वाटेत घ्यावेच लागतात, उडी मारून तिथे पोहोचता येत नाही.

कुलपांवर मात्र एकही पर्क नाही. आम्ही विचारले, “चोराने कुलपाकडे दुर्लक्ष करायचे?” त्यावर त्याने दाखवले. कुलपे पाच प्रतीची असतात, नवशिक्यापासून उस्तादापर्यंत. पर्क घेतले तर उघडणे सोपे होते, पण न घेताही सर्वांत अवघड कुलूप हाताने उघडता येते. फक्त तारा जास्त मोडतात. “तारा विकत मिळतात, पर्क विकत मिळत नाहीत,” तो म्हणाला. दादांनी मान डोलावली. हा हिशेब त्यांना पटला.

एक सापळाही त्याने समजावून सांगितला. बऱ्याच ठिकाणचे शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर बळकट होतात. नवखे खेळणारे दिसेल ते कुलूप उघडतात, दिसेल तो खिसा कापतात आणि पटापट लेव्हल वाढवतात. मग समोर तगडा शत्रू येतो, आणि यांच्या हातात लढायचे काहीच नसते. म्हणून वहीत धनुष्य आधी आणि खिसे नंतर होते.

खिशांचे पर्क त्याला हवे होते ते वेगळ्याच कारणाने. त्या झाडावर 50 ला एक पर्क आहे, त्याने ओझे उचलण्याची ताकद एकदम 100 ने वाढते. पण तिथवर जायचे तर लोकांचे खिसे कापत कौशल्य वाढवावे लागते. ‘आधी झोपलेल्यांचे’ या ओळीचा अर्थ तेव्हा आम्हाला उमगला. झोपलेल्या माणसाचा खिसा कापणे सोपे करणारा पर्क त्या वाटेत आधी लागतो.

पहिले काम

तिसऱ्या दिवशी त्याचा खाजीट रिफ्टन नावाच्या शहरात पोहोचला. शहर कालव्याच्या काठी, त्याच्या खालच्या बोगद्यांत चोरांची टोळी राहते. बाजारात ब्रिन्यॉल्फ नावाचा माणूस भेटतो. टोळीत यायचे तर आधी एक काम कर, म्हणतो. बाजारात मादेसी नावाचा दागिने विकणारा आहे. त्याच्या दुकानाखालच्या पेटीतली चांदीची अंगठी काढायची. इथवर चोरीच झाली. पुढचा भाग असा, की ती अंगठी समोरच्या ब्रँड-शेई नावाच्या दुकानदाराच्या खिशात गुपचूप टाकायची. म्हणजे चोर तो ठरेल. ब्रिन्यॉल्फ म्हणतो, आम्हाला त्याचा जीव घ्यायचा नाही, थोडे दिवस कैदेत राहील, एवढेच. ब्रिन्यॉल्फ स्वतः लोकांना गोळा करून बडबड करतो, त्यांचे लक्ष त्याच्याकडे असते, तेवढ्यात आपण काम उरकायचे.

मुलाने काम उत्तम उरकले. अंधाराची बाजू धरली, पडद्यावरचा डोळा पूर्ण मिटेपर्यंत थांबला, पेटी उघडली, अंगठी घेतली आणि ब्रँड-शेईच्या खिशात टाकली. हा डोळा म्हणजे खेळातली खूण. कुणाचे तुमच्याकडे लक्ष गेले की तो उघडू लागतो. थोड्या वेळात पहारेकरी आले आणि ब्रँड-शेईला घेऊन गेले. मुलगा खुशीत आमच्याकडे वळला.

दादा म्हणाले, “आणि त्या दुकानदाराने काय केलं होतं?”

“काही नाही, दादा. तो अनाथ असतो. आपले आईबाप कोण हे शोधत असतो बिचारा.”

“मग त्याच्या खिशात का टाकलीस?”

“ते कामच आहे. आणि थोडेच दिवस आत राहतो तो. गेमच आहे ना.”

दादा काही बोलले नाहीत. उठले आणि आत गेले.

दादांची गोष्ट

जेवणानंतर त्यांनी सगळ्यांना जवळ बसवले. जे सांगितले ते आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

दादा तेरा वर्षांचे असताना एका कापडाच्या दुकानात कामाला होते. ठाण उचलून दाखवायचे, घडी घालायची, झाडलोट करायची. एका संध्याकाळी गल्ल्यात पंधरा रुपये कमी भरले. तेव्हा ती रक्कम त्यांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. दुकानात गिऱ्हाइके होती, शेजारचे दुकानदार होते. मालकाने सर्वांसमोर दादांना खिसे उलटे करायला लावले, सदरा काढायला लावला. काही निघाले नाही. तरी मालक म्हणाला, कुणाकडे तरी दिले असशील.

“चार दिवसांनी पैसे सापडले,” दादा म्हणाले. “मालकाच्या भावाने हमालाला दिले होते, वहीत लिहायचे राहिले होते. मालकाने मला चहा पाजला. बस्स. झडती सगळ्या बाजारासमोर झाली होती. पैसे सापडले हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही.”

बाजारातले लोक पुढे कितीतरी दिवस त्यांना ‘पंधरा रुपये’ म्हणून हाक मारत. वर्षभरात त्यांनी ते दुकान सोडले, गावही सोडले.

दादांची एक सवय आहे. कुठल्याही दुकानातून निघताना, कुणी विचारलेले नसताना, ते आपली पिशवी उघडून दाखवतात. आम्ही कितीदा त्यावरून हसलो आहोत. कितीदा म्हणालो आहोत, “दादा, चला आता, कुणी विचारत नाही.” त्या रात्री आम्हा दोघांना त्या हसण्याची लाज वाटली.

मुलगा खाली मान घालून बसला होता. दादांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “बेटा, तुझ्या खेळावर माझा राग नाही. तिथे कुणी खरा माणूस नाही, हे मलाही कळतं. पण ‘थोडेच दिवस आत राहतो’ असं म्हणू नकोस. तोहमत किती दिवस टिकते, ते ज्याच्यावर येते त्यालाच ठाऊक.”

नवा आराखडा

दुसऱ्या दिवशी मुलाने रिफ्टनच्या आधी सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडला. आम्ही सांगितले नव्हते. त्याने वहीत नवे पान घेतले आणि माथ्यावर लिहिले, ‘टोळीशिवाय’. खाली तीन नियम होते. कुणाच्या खिशात हात नाही. लाल अक्षरांना हात नाही. कुणावर आळ नाही.

लाल अक्षरांचा अर्थ त्याने सांगितला. खेळात ज्या वस्तूला मालक आहे, तिच्याकडे पाहिले की शब्द लाल दिसतात. उचलली आणि कुणी पाहिले तर त्या प्रांतात डोक्यावर दंड लागतो. दंड भरून सुटायचे तर चोरीचा माल जप्त होतो. कैदेत गेले तर कौशल्यांची चाललेली प्रगती मागे पडते. पण दरोडेखोरांच्या गुहेतली पेटी उघडली तर लाल अक्षरे येत नाहीत. म्हणजे चोराचे सगळे हुनर वापरून, एकाही दुकानदाराला न लुबाडता खेळता येते. तो चोर राहत नाही, टेहळ्या होतो.

मात्र या नियमांची किंमत आहे, आणि ती त्याने पै न पै मांडली.

टोळीत गेले नाही, तर न मोडणारी किल्ली मिळत नाही. ती टोळीच्याच कथेत पुढे हाती लागते. म्हणजे तारा कायम मोडत राहणार. कुलपांवर पर्क न घालण्याचा निर्णय आता महाग पडणार होता. शेवटी त्याने एक पर्क तिकडे वळवला.

टोळीत गेले नाही, तर चोरीचा माल घेणारे व्यापारी मिळत नाहीत, आणि साधे दुकानदार असा माल घेत नाहीत. इथे मात्र नियमानेच सुटका झाली. चोरीचा मालच नसेल तर विकायचा प्रश्न नाही.

सर्वांत मोठा तोटा ओझ्याचा. खिसे कापणे सोडले म्हणजे 100 वजनाचा तो पर्क गेला. सुरुवातीला माणूस 300 वजन उचलू शकतो. दमात दहा गुण घातले की वजन पाचने वाढते. म्हणजे 100 वाढवायला वीस लेव्हल फक्त दमावर घालवायच्या आणि तब्येत तशीच कच्ची ठेवायची. बराच वेळ पेन चावत बसल्यावर त्याला दुसरी वाट सुचली. देशाच्या वायव्येला घोड्याचा दगड आहे. त्याला हात लावला की ओझे 100 ने वाढते आणि अंगावरच्या चिलखताचे वजनही लागत नाही. पण दगड एकच चालतो. चोराचा दगड सोडावा लागणार आणि कौशल्ये 20 टक्के वेगाने वाढायची थांबणार. त्याने ठरवले, लपण्याचे कौशल्य 50 वर जाईपर्यंत चोराचा दगड ठेवायचा, मग घोड्याकडे जायचे.

धाकटी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “भाईजान, त्या जुन्या थडग्यांमधलं सोनं घेतोस, तिथे लाल अक्षरं येतात का?”

“नाही येत.”

“म्हणजे मेलेल्यांचं घेतलं तर चोरी नाही?”

मुलाने दादांकडे पाहिले, दादांनी आमच्याकडे. खेळाच्या नियमाप्रमाणे त्या सोन्याला मालक नाही. पण मुलीचा प्रश्न खेळाच्या नियमाबद्दल नव्हता. मुलाने थोडा विचार करून चौथा नियम लिहिला : थडग्यांतल्या अस्थींच्या मडक्यांना हात नाही. आत शिरलेल्या दरोडेखोरांकडचे चालेल. धाकटीचे एवढ्यावर समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. ती अजून अधूनमधून त्याला छेडते.

घरोघरी

आमच्या ओळखीच्या काही घरांत मोबाइल आणि गेम म्हटले की एकच वाक्य असते, बंद कर ते. आम्हीही ते वाक्य कितीदा उच्चारले आहे. वेळेचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे नियम आहे, अभ्यास आणि नमाज झाल्याशिवाय लॅपटॉपवर गेम नाही, आणि रात्री दहानंतर तर नाहीच. शिक्क्याचा प्रश्नही खरा आहे. वयाला साजेसा नसलेला खेळ मूल रडले म्हणून देऊ नये.

पण त्या दिवशी ती वही आम्ही रागाने फाडली असती, तर काय झाले असते? मुलाने पुढचा आराखडा आमच्यापासून लपवून केला असता. दादांची गोष्ट दादांबरोबरच राहिली असती. आम्ही त्यांच्या पिशवीवरून हसतच राहिलो असतो.

म्हणून आमचे वाचकांना एवढेच सांगणे, की मूल जो खेळ खेळते, त्याच्या शेजारी आठवड्यातून एकदा तरी बसावे. कोण झालास, हे का निवडलेस, हे सोडून ते का घेतलेस, असे विचारावे. ज्याच्या दुकानातून घेतलेस त्याचे पुढे काय झाले, हेही विचारावे. मुले उत्तर देतात. कधी त्यांच्याकडे उत्तर नसते, तेव्हा तीही विचार करतात. आणि घरात कुणी वडीलधारे असतील तर त्यांनाही खुर्ची ओढून बसू द्यावे.

मुलाचा टेहळ्या सध्या सतराव्या लेव्हलला आहे. लपण्याचे कौशल्य 46. घोड्याचा दगड अजून लांब आहे. परवा उस्तादी प्रतीच्या एका कुलपावर त्याच्या एकोणीस तारा मोडल्या आणि आत निघाली थोडीशी नाणी व एक जुने पुस्तक. तो वैतागून उठला. दादा आता रोज इशा झाल्यावर त्याच्या खोलीत डोकावतात आणि विचारतात, “आज किती मोडल्या?”